इजेनच्या गंधकी धुरासाठी मास्क: थ्रीएम ६२०० आणि पिवळ्या कार्ट्रिजचं परीक्षण

आधी निकाल. थ्रीएम कंपनीचा ६२०० हा अर्धा चेहरा झाकणारा मास्क कावा इजेनसारख्या ज्वालामुखीवर न्यायला चांगला आहे. पण त्याला बाजूने जे दोन डबे लागतात, म्हणजे कार्ट्रिज, ते बरोबर असतील तरच. डबे चुकले की तो मास्क नाकावर ठेवलेलं नुसतं रबर. डबे बरोबर असले तरी डोळे उघडेच राहतात आणि कार्बन डायऑक्साइडपुढे त्याचा काहीही उपयोग नाही. या तिन्ही गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर.

बालीच्या सहलीला जोडून रात्रीची फेरीबोट पकडून पूर्व जावात जायचं, पहाटे इजेनच्या तोंडाशी निळ्या ज्वाळा बघायच्या आणि दुपारपर्यंत परत यायचं, असा बेत बरेच जण करतात. ‘कावा’ म्हणजे विवर. पालटुडिंग या सुमारे १,८५० मीटर उंचीवरच्या तळावरून विवराच्या काठापर्यंत तीन किलोमीटरची चढण आहे. आत जवळजवळ एक किलोमीटर रुंदीचं निळसर-हिरवं तळं दिसतं. ते पाणी मुळीच साधं नाही, त्याचा सामू अर्ध्याच्याही खाली जातो, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाच्या जवळपास. तळ्याच्या काठाशी जमिनीच्या भेगांतून सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले गंधकाचे वायू बाहेर पडतात. हवेशी गाठ पडताच ते पेटतात आणि अंधारात निळे दिसतात. न पेटलेले वायू खाणकामगारांनी बसवलेल्या नळ्यांतून खाली येता येता थंड होतात. त्यांतून लालसर पातळ गंधक ठिबकतं आणि गोठलं की पिवळं होतं.

म्हणजे तिथे श्वासात काय येतं? ज्वालामुखीच्या वायूत सगळ्यात जास्त असते पाण्याची वाफ. ती निरुपद्रवी, पण बाकीचे वायू तिच्याच पांढऱ्या पडद्यात लपून येतात. मुख्य त्रास देतो सल्फर डायऑक्साइड: काडी पेटवताना नाकात झोंबतो तसा, पण कितीतरी तिखट. त्याच्या जोडीला कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, थोडा हायड्रोजन क्लोराइड, किंचित हायड्रोजन फ्लोराइड, आणि वास-रंग काहीच नसलेला कार्बन डायऑक्साइड. शिवाय आम्लाचे बारीक थेंब आणि गंधकाची धूळ तरंगत असते. यातले वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडून बाकीचे चार वायू आम्लधर्मी आहेत आणि हे थेंब व धूळ म्हणजे कण. मास्क घेताना एवढीच विभागणी डोक्यात ठेवा: आम्ल-वायूंसाठी एक गोष्ट लागते, कणांसाठी दुसरी.

कोविडनंतर घराघरात एन-९५ पडून आहे आणि तोच पुरेल असं अनेकांना वाटतं. पुरत नाही. एन-९५ कण अडवतो. वायूचे रेणू त्याच्या जाळीतून हवेइतक्याच सहजपणे आत जातात. दोन एन-९५ एकावर एक चढवले तरी दम तेवढा जास्त लागतो, वायू तितकाच येतो. कोळशाचा पातळ थर असलेले ‘वास कमी करणारे’ मास्क मिळतात, त्यांच्यावरचं बारीक अक्षर वाचा. ते फक्त त्रासदायक वासापुरते, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या आतल्या प्रमाणासाठी असतात. ज्वालामुखीच्या भेगेजवळ त्यांचा भरवसा नाही.

आता मास्क. ६००० मालिकेत तीन मापं येतात: ६१०० लहान, ६२०० मध्यम, ६३०० मोठं. बहुतेकांना मध्यम बसतं. अरुंद चेहऱ्याला, विशेषतः पुष्कळ स्त्रियांना, लहान लागतं. मास्क शंभर ग्रॅमच्या आत, रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा, आत श्वास घ्यायच्या दोन झडपा आणि समोर खाली सोडायची एक. कार्ट्रिज खाचेत बसवून पाव फेरा फिरवलं की लागतं. हीच खाच ६५००, ७५०० आणि पूर्ण चेहऱ्याच्या ६८०० मालिकेत आहे, त्यामुळे पुढे मास्क बदलला तरी डबे वाया जात नाहीत. ७५०० मालिका सिलिकॉनची आहे. ती थंडीत कडक होत नाही आणि दोन तासांनी नाकाच्या हाडावर वळ कमी उठतो. इजेनच्या काठावर पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो, तेव्हा हा फरक जाणवतो. एकदाच वापरायचा असेल तर ६२०० पुरे. ट्रेकला वरचेवर जाणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे घालून सिलिकॉनचा घ्यावा असं आमचं मत.

६२००चा खरा दोष वेगळाच. साधा मास्क चेहऱ्यावरून पटकन खाली उतरवता येत नाही. मानेमागची आकडी सोडावी लागते, आणि अंधारात, हातमोजे घालून, डोक्यावर टॉर्चचा पट्टा असताना ते जिकिरीचं होतं. म्हणून लोक चढताना तो नुसता हातात धरतात आणि धूर आला की नाकावर दाबतात. असा दाबलेला मास्क कडेने गळतोच. दुसरं म्हणजे दोन्ही डबे गालांच्या खाली येतात आणि पायाखालची वाट झाकतात. विवरात उतरायची वाट सुट्या दगडांची आणि उभी आहे. तिथे मान खाली घालूनच चालावं लागतं.

आता खरा विषय, डबे. इथे रंग बघून खरेदी करणारे फसतात, कारण अमेरिकी आणि युरोपी पद्धतीत रंगांचे अर्थ निराळे आहेत आणि भारतीय बाजारात दोन्ही प्रकारचा माल शेजारी शेजारी टांगलेला असतो. निऑश या अमेरिकी कामगार-सुरक्षा संस्थेच्या पद्धतीत काळा म्हणजे सेंद्रिय वाफा (रंग, थिनर यांच्यासारख्या), पांढरा म्हणजे आम्ल-वायू, पिवळा म्हणजे दोन्ही, हिरवा म्हणजे अमोनिया, आणि जांभळट-गुलाबी म्हणजे पी-१०० कणगाळणी. युरोपी पद्धतीत तपकिरी म्हणजे सेंद्रिय वाफा, करडा म्हणजे क्लोरीनसारखे अकार्बनी वायू, पिवळा म्हणजे सल्फर डायऑक्साइड आणि तत्सम आम्ल-वायू, हिरवा म्हणजे अमोनिया, आणि पांढरा म्हणजे फक्त कण. बघा, पांढरा पट्टा अमेरिकी डब्यावर असेल तर तुमच्या कामाचा आणि युरोपी डब्यावर असेल तर वायूसाठी शून्य. पिवळा मात्र दोन्हीकडे चालतो, हा एक सुखद योगायोग. म्हणून दुकानात मागायचं ते पिवळं, आणि मग रंग विसरून लेबलावर ‘सल्फर डायऑक्साइड’ किंवा युरोपी मालावर त्याची खूण असलेलं ‘ई’ हे अक्षर छापलंय का ते वाचायचं.

थ्रीएममध्ये याचा अर्थ असा: ६००३ हे सेंद्रिय वाफा आणि आम्ल-वायू दोन्हींचं पिवळं कार्ट्रिज. त्याला कण अडत नाहीत, त्यामुळे वरून ५एन११ गाळणी आणि ती धरून ठेवणारी ५०१ ही जाळीची टोपी लावायची. ६०९२३ मध्ये तेच वायूचं काम आणि पी-१०० गाळणी एकाच डब्यात असते. ते जाड आणि जड, पण सुटे भाग हरवायची भीती नाही. युरोपी मालात ६०५७ किंवा ६०५९ घ्या आणि वर ५९३५ ही पी-३ गाळणी त्याच ५०१ टोपीत बसवा. आमची पसंती ६००३ अधिक सुटी गाळणी. कारण इजेनमध्ये आधी चोंदते ती गाळणी, कोळसा नाही. हायड्रोजन सल्फाइड आणि सल्फर डायऑक्साइड हवेतच एकमेकांशी भिडून गंधक आणि पाणी तयार करतात, आणि ते बारीक पिवळं गंधक गाळणीवर बसतं. श्वास ओढायला जड जाऊ लागला की टोपी काढून नवी गाळणी टाकायची, अर्ध्या मिनिटाचं काम. ६०९२३ चोंदलं तर अख्खा डबा गेला.

सगळ्यात जास्त होणाऱ्या दोन चुका इथेच सांगतो. एक, काळं ६००१ कार्ट्रिज. रंगकाम करणाऱ्यांसाठी ते सर्वत्र मिळतं आणि ‘गॅसचा मास्क द्या’ म्हटलं की दुकानदार बरेचदा तेच काढून देतो. त्याला सल्फर डायऑक्साइडची मान्यताच नाही. दोन, गुलाबी चपटी २०९१ गाळणी. दिसायला दणकट, ‘पी-१००’ असं मोठं छापलेलं, पण ती फक्त कणांची. ती लावून धुरात उभं राहणारा माणूस पूर्ण संरक्षणात आहे असं दिसतं आणि प्रत्यक्षात सगळा वायू आत ओढत असतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सेफ्टीच्या सामानाच्या दुकानांत किंवा लोटे-परशुराम, तारापूर, महाडसारख्या रासायनिक पट्ट्यातल्या पुरवठादारांकडे ‘एसिड गॅसचं कार्ट्रिज’ असं स्पष्ट मागा. त्या भागातल्या दुकानदाराला रोजचं गिऱ्हाईक असल्याने फरक माहीत असतो.

डब्याच्या आत असतो सच्छिद्र कोळसा, पण नुसता नाही. नुसत्या कोळशावर सल्फर डायऑक्साइड नीट टिकत नाही, म्हणून त्यावर क्षारांचा लेप दिलेला असतो आणि वायू त्या लेपाशी रासायनिक रीत्या बांधला जातो. लेप संपला की डबा संपला. तो परत ‘ताजा’ होत नाही, उन्हात वाळवून तर मुळीच नाही. शिवाय पाकीट फोडल्या क्षणापासून कोळसा हवेतली ओल शोषत राहतो. बंद पाकिटावर मुदतीची तारीख असते, ती बघूनच घ्या. फोडलेली जोडी त्याच सहलीची समजा.

किती वेळ टिकतं? याचं उत्तर चाचणीच्या अटींतून काढता येतं. युरोपी नियमानुसार ‘ई-१’ दर्जाच्या डब्याने हवेत १,००० पीपीएम सल्फर डायऑक्साइड असताना, मिनिटाला ३० लिटर हवा ओढून, किमान २० मिनिटं तग धरली पाहिजे. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतला एक भाग. गुणाकार केला तर या वीस मिनिटांत डब्याने सुमारे ०.६ लिटर शुद्ध वायू गिळला. अमेरिकी चाचणी ५०० पीपीएम, मिनिटाला ६४ लिटर आणि ३० मिनिटांची. तिचा हिशेब साधारण एक लिटरवर जातो. आता चढणीवर धापा टाकताना तुम्ही मिनिटाला ४० लिटर हवा घेत असाल आणि हवेत २० पीपीएम वायू असेल, तर ०.६ लिटर गिळायला बारा तासांवर वेळ लागेल. ओल, थंडी आणि धापांचे झटके यांमुळे प्रत्यक्षात हे गणित इतकं सरळ चालत नाही, म्हणून निम्मंच धरा. तरीही नवी जोडी एका रात्रीला आरामात पुरते. जुनी पुरेल का, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही, कारण तिने आधी किती गिळलंय याची नोंद नसते.

भाड्याच्या मास्कचा प्रश्न नेमका हाच आहे. बहुतेक सहल-कंपन्या गॅस मास्क ‘मोफत’ देतात आणि जाहिरातीत ते ठळक लिहितात. मास्कचं रबर धुऊन पुसून पुन्हा वापरता येतं, त्यात गैर काही नाही. डबे मात्र रोज रात्री नव्या पाहुण्याच्या तोंडावर चढतात. हाती आलेला मास्क तपासायला दोन मिनिटं लागतात: डब्यावर लेबल शिल्लक आहे का, त्यावर सल्फर डायऑक्साइड किंवा ‘ई’ आहे का, मुदत उलटली का, आणि हलवल्यावर आत कोळशाची खुळखुळ ऐकू येते का. खुळखुळ म्हणजे कोळसा खाली बसून वर वाट मोकळी झाली. मग समोरची टोपी काढून श्वास सोडायची झडप बघा. ती पातळ चकती वाकलेली, फाटलेली किंवा कडेला खडा अडकलेली असेल तर प्रत्येक श्वासाला बाहेरची हवा थेट आत येते. त्यापेक्षा आपला मास्क आणि सीलबंद डबे घरूनच न्यावेत. कोणाला मास्क भाड्याने घ्यायचा आणि डबे तेवढे आपले लावायचे असतील तर लक्षात ठेवा, थ्रीएमची खाच दुसऱ्या कंपनीच्या आटेवाल्या मास्कला बसत नाही.

मास्क घालायची रीत डोंगरावर शिकू नका, घरी आरशासमोर शिका. चारही पट्टे सैल करा. मास्क नाका-तोंडावर ठेवून डोक्याची चौकट टाळूच्या मागच्या बाजूस बसवा, खालचे पट्टे मानेमागे नेऊन आकडी लावा. आधी वरचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढा, मग खालचे. फार घट्ट आवळला की कडा दुमडते आणि तिथूनच गळतो, हे उलटं वाटेल पण खरं आहे. मग दोन चाचण्या. समोरची झडप तळहाताने झाका आणि हळू श्वास सोडा: मास्क किंचित फुगून थांबला पाहिजे, कुठूनही हवा निसटता कामा नये. नंतर दोन्ही डब्यांची तोंडं तळहातांनी झाकून हळू श्वास ओढा: मास्क चेहऱ्याकडे खेचला जाऊन तसाच राहिला पाहिजे. नाकाच्या कडेला हवा लागली तर जागा बदलून पुन्हा. कानटोपी, जॅकेटची टोपी, टॉर्चचा पट्टा हे सगळं मास्कच्या पट्ट्यांवरून घालायचं, खालून नाही.

दाढीवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं: मास्कची कडा जिथे टेकते तिथे केस असतील तर मास्क बसत नाही. दोन दिवसांचे खुंटही गळती करतात. मिशा कडेच्या आत मावत असतील तर चालतात. दाढी प्रिय असेल तर काठावरूनच तळं आणि सूर्योदय बघा. तोही देखणा असतो.

मास्क किती वायूपर्यंत चालतो? अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला निऑश दहापट संरक्षणाचा मानते. सल्फर डायऑक्साइडसाठी कामाच्या दिवसाची त्यांची शिफारस २ पीपीएम, म्हणजे मास्कसकट २० पीपीएमपर्यंत. १०० पीपीएम हे प्रमाण जिवाला तत्काळ धोक्याचं मानलं जातं. भेगेजवळचा दाट पांढरा लोट अंगावर येतो तेव्हा तुम्ही या आकड्यांच्या कुठे आहात हे मीटरशिवाय कळत नाही. तेव्हा मास्क लावून लोटात उभं राहून फोटो काढायचे नसतात. लोट आला की वाऱ्याला आडवं सरकून, शक्यतो वरच्या अंगाला, त्यातून बाहेर पडायचं. मास्क तेवढ्यासाठी आहे. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत निऑशची मान्यता तर लेखीच ‘फक्त निसटण्यापुरती’ असते. कारण त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस तिथेच थांबतो.

डोळ्यांचं काय? सल्फर डायऑक्साइड पाण्यात झटकन विरघळतो आणि डोळ्यातलं पाणी हे पाणीच. तिथे सल्फ्युरस आम्ल तयार होतं, डोळे मिटतात, आणि उभ्या दगडी वाटेवर डोळे मिटणं हा वायूइतकाच मोठा धोका आहे. कॉन्टॅक्ट लेन्स मुळीच नकोत. कारखान्यातल्या साध्या गॉगलला हवेची भोकं असतात, त्यातून वायू आत येतो. भोकं नसलेला, चेहऱ्याला चिकटून बसणारा गॉगल घ्या. तो मास्कच्या नाकावरच्या टोकाला आडवा येतो का हे दोन्ही एकत्र घालून बघा. नाही जमलं तर पूर्ण चेहऱ्याचा ६८०० हा पर्याय आहे. संरक्षण पन्नासपट, डोळे झाकलेले, डबे तेच. पण तो जड, महाग, आणि चष्म्याच्या काड्या त्याच्या कडेखालून जाऊ देत नाहीत. आत बसवायची चष्म्याची चौकट वेगळी मिळते आणि तिच्यात आपल्या नंबरच्या काचा घालून घ्याव्या लागतात. एका सहलीसाठी एवढा खर्च आम्ही सुचवणार नाही. ज्वालामुखीचं चित्रीकरण किंवा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र थेट हाच घ्यावा.

जिथे हा मास्क घालूनही माणूस मरू शकतो, ती गोष्ट म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो हवेच्या दीडपट जड असतो, वारा नसलेल्या थंड रात्री खोलगट जागी साचतो आणि कोणतंही कार्ट्रिज त्याला अडवत नाही. जावा बेटावरच्याच दिएंग पठारावर २० फेब्रुवारी १९७९ला जमिनीतून असा वायू बाहेर पडला आणि घर सोडून पळणारी १४०हून अधिक माणसं वाटेतच गुदमरून गेली. कॅमेरूनमधल्या न्योस तळ्यातून १९८६मध्ये सुटलेल्या ढगाने एका रात्रीत सतराशेहून अधिक माणसं मारली. तिथे कोणाच्या तोंडावर हे डबे असते तरी निकाल तोच लागला असता. म्हणून मास्क आहे म्हणून घळीत, खड्ड्यात, तळ्याच्या काठच्या खोलगट जागी बसून विश्रांती घेऊ नये.

खुद्द इजेनमधून मार्च २०१८मध्ये अचानक मोठ्या प्रमाणात वायू बाहेर आला. तीसच्या आसपास माणसांना रुग्णालयात हलवावं लागलं आणि आसपासच्या शेकडो लोकांना घरं सोडावी लागली. पाहुण्यांनी विवरात उतरू नये अशी पाटी काठावर आहे, आणि धोका वाढला की वाट बंदही करतात. निघायच्या आदल्या दिवशी इंडोनेशियाच्या ज्वालामुखी खात्याच्या ‘माग्मा इंडोनेशिया’ या संकेतस्थळावर इजेनची पातळी बघा. चार पायऱ्या आहेत: नॉर्माल, वास्पादा, सियागा, आवास. पहिली सोडून दुसरी कोणतीही दिसली तर खाली उतरण्याचा विचार काढून टाका, मग मास्क कितीही महागाचा असो.

दमेकऱ्यांसाठी हा मास्क परवाना ठरत नाही. दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका, चढणीवर धाप लागलेली असताना, अर्ध्या पीपीएमहूनही कमी सल्फर डायऑक्साइडने आवळू शकतात. पुन्हा मास्कमधून श्वास ओढायला जोर लागतो तो वेगळाच. लहान मुलांच्या मापाचा असा मास्क येत नाही. मोठ्यांचा छोट्या तोंडावर बांधून नेणं ही फसवणूक आहे. ओला टॉवेल हा खाणकामगारांचा जुना उपाय. पाण्यात सल्फर डायऑक्साइड विरघळतो म्हणून मिनिटभर थोडा आराम मिळतो, मग फडकं आंबट होतं आणि त्याच आम्लातून श्वास घ्यावा लागतो. मास्क सैल झाला तर वाटेपुरता आडोसा, इतकीच त्याची किंमत.

२३ नोव्हेंबर २०२५ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. त्याचा राखेचा आणि सल्फर डायऑक्साइडचा ढग भारतावरून गेला आणि काही विमानं रद्द झाली. तशा बातमीनंतर हे डबे विकत घ्यायची गरज नाही. तो ढग कित्येक किलोमीटर उंचावरून जात असतो, जमिनीवरच्या श्वासाला हे कार्ट्रिज लागत नाही. हवाई बेटांवर जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा: भेगेपासून दूर तिथे वायूचं रूपांतर बारीक आम्लकणांच्या धुरकटात होतं, त्यामुळे तिथे पी-१०० किंवा पी-३ गाळणीचं महत्त्व वाढतं.

परत आल्यावर डबे काढून बाजूला ठेवा, ते कधीच धुवायचे नाहीत. मास्क कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, झडपांच्या चकत्या बोटाने हलकेच पुसा, सावलीत वाळवा. घालून गेलेले कपडे बाकीच्यांपासून वेगळे धुवा, गंधकाचा वास एका धुण्यात जात नाही. चांदीची जोडवी, पैंजण, साखळी हॉटेलवरच काढून ठेवा. हायड्रोजन सल्फाइडने चांदी काळी पडते. कॅमेऱ्याचे धातूचे भाग आणि फोनचं चार्जिंगचं तोंड ओलसर फडक्याने पुसून मग कोरडं करा, आम्लाचे थेंब तिथे बसून राहतात.

शेवटी एक विनंती. इजेनचे खाणकामगार ७० ते ९० किलो गंधक दोन टोपल्यांत घालून याच धुरातून विवर चढतात, आणि अनेकांच्या तोंडाला नुसतं फडकं असतं. ते बघून आपला वापरलेला मास्क डब्यांसकट त्यांना देऊन येणारे पुष्कळ असतात. भावना चांगली, पण संपत आलेला डबा त्यांना खोटा भरवसा देतो. द्यायचंच असेल तर धुतलेला मास्क आणि फोडलेली नसलेली जोडी द्या, शक्य असेल तर दोन-तीन जोड्या. त्यांच्याकडे आधीच मास्क असेल तर त्याला थ्रीएमची खाच आहे का, ते देण्याआधी बघा.